लेखकांच्या रिट्रीटला जाऊन खरंच काही मिळतं का? (गिरणाऱ्याजवळचे चार दिवस)

गोदाकाठची

आधीच सांगते, पाल्हाळ आहे, चहा घेऊन बसा.

मागे एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की ते लेखकांचं रिट्रीट (म्हणजे घरापासून लांब चार दिवस राहून लिहायचं) वगैरे जे असतं ना तिथे जाऊन नक्की काय होतं, आणि त्यावर मी (हो, मीच) फार शहाणपणा करून लिहिलं होतं की ज्याला लिहायचं तो एसटीच्या शेवटच्या सीटवर बसूनपण लिहितो, ही सगळी पैसेवाल्यांची फॅडं. तर ते शब्द गिळायला आलेय.

मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर्सला आहे. एकोणीस वर्षं झाली. माल आला की जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करा, बिन कार्डावर चढवा, इश्यू स्लिप आली की उतरवा. मी कथा लिहिते हे कंपनीत कुणाला माहीत नाही. घरी माहीत आहे, पण 'आई रात्री मोबाईलवर काहीतरी टाइप करत असते' इतपतच. एकूण अकरा कथा आहेत आणि अकराच्या अकरा अर्धवट. त्यातली एक तर सहा वर्षं चौथ्या पानावर बसलीये.

कार्यशाळांचा मला धसका होता, त्याचं कारण पण सांगून टाकते. पंधराएक वर्षांपूर्वी एका दुसऱ्या शहरात कथालेखन कार्यशाळेला गेले होते, नाव नको. तिथल्या मार्गदर्शक लेखकांनी माझा कागद घेतला, पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं, "कळली" म्हणाले आणि कागद पालथा ठेवला. चाळीस माणसं हसली. मी पण हसले, आपण हसतोच ना अशा वेळी. त्यानंतर चार-पाच वर्षं किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही.

यावेळी गेले ते मैत्रिणीने पैसे भरून टाकले म्हणून. चार दिवस, तीन रात्री, नऊ माणसं, माणशी बेचाळीसशे. गिरणाऱ्याच्या पुढे, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरच्या अंगाला एक शेतघर. ऑगस्टअखेर, म्हणजे पाऊस धो धो. रिक्षावाल्याने फाटकाच्या अलीकडेच सोडलं, पुढे चिखल. घराच्या मालकीणबाई, माई म्हणतात सगळे त्यांना, त्या गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन फाटकापर्यंत आल्या आणि काय विचारावं? "आधी चहा का आधी पाय धुणार?" बस. नाव नाही, गाव नाही, काय लिहिता नाही. वहिनीच्या माहेरी गेल्यासारखं वाटलं, म्हणजे आपलं घर नाही पण कुणी परकंपण समजत नाही.

संध्याकाळी ओळखीचा कार्यक्रम. त्याला एकच नियम: आजवर काय छापून आलं ते सांगायचं नाही, सध्या कुठे अडलंय तेवढं सांगायचं. मी घरून पाठ करून आलेलं वाक्य ("मी हौशी आहे हो, आपलं असंच काहीतरी") वायाच गेलं. एक रिटायर्ड पोस्टमन काका होते, ते म्हणाले, "माझा नायक गेल्या दिवाळीपासून जिन्यात उभा आहे, त्याला वर न्यायचा का खाली ते कळेना." एक बाई म्हणाल्या माझ्या कादंबरीत सगळे बोलतात फार, मरत कुणी नाही. म्हणजे लक्षात आलं का, नऊच्या नऊ माणसं अडलेलीच होती, त्यात दोघांची तर पुस्तकं आहेत, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं.

दिवस असा असायचा. साडेसहाला चहा. सात ते अकरा कुणी कुणाशी बोलायचं नाही, मोबाईल माईंच्या ज्वारीच्या डब्यात. दुपारी झोपा, चाला, धरणाकडे बघत बसा, काहीही. पाच ते आठ वाचन. वाचन म्हणजे आपण आपलं मोठ्याने वाचायचं आणि मग तोंडाला कुलूप. बाकीच्यांनी आधी काय लक्षात राहिलं ते सांगायचं, मग प्रश्न विचारायचे, सल्ला फक्त आपण मागितला तरच.

माझी ती चौथ्या पानावरची कथा म्हणजे, एक कामगार वारलाय आणि त्याची बायको त्याच्या नावावर असलेली हत्यारं जमा करायला टूल रूमच्या खिडकीवर आलीये, कारण ती जमा झाल्याशिवाय नो ड्यूज (काही देणं बाकी नाही असा दाखला) नाही आणि नो ड्यूजशिवाय हिशेब नाही. ती मापं घ्यायचं व्हर्नियर काढून देते, नट-बोल्टचे पाने देते, पावती घेते. आणि तिथे माझं इंजिन बंद. सहा वर्षं मी त्या खिडकीवरच्या क्लार्कच्या मनात काय चाललंय ते लिहून लिहून खोडत होते. दुसऱ्या संध्याकाळी वाचलं. वाचताना आवाज कापत होता, पत्र्यावर पाऊस इतका की मध्ये दोनदा थांबावं लागलं. सगळे गप्प. मग पोस्टमन काकांनी विचारलं, "पावती घेतली तिने. घरी जाऊन ठेवली कुठे?"

आणि मला माहीत होतं हो! त्याच क्षणी माहीत होतं. स्वयंपाकघराच्या दाराला बिलं टोचायची तार असते ना, आपल्या आयांच्या घरी असायची, खाली पत्र्याची चकती आणि वर आकडा, त्या तारेत. नवऱ्याने भरलेल्या शेवटच्या लाईटबिलाच्या वर. मी सहा वर्षं चुकीच्या माणसाच्या डोक्यात बसले होते. कथा क्लार्कची नव्हतीच, कथा तिच्याबरोबर रिक्षात बसून घरी गेली होती आणि मी आपली खिडकीत.

चार दिवसांत किती लिहिलं विचाराल तर तीन पानं. फक्त तीन. कुणाला वाटत असेल तिथे जाऊन कादंबरी पुरी होते तर तसलं काही नाही. पण त्या एका प्रश्नाचे बेचाळीसशे मी परत देईन.

तक्रारीपण आहेत. डास. एकच बाथरूम, नऊ माणसं. एक गृहस्थ प्रत्येक वाचनानंतर स्वतःच्याच कथेवर यायचे. आणि तिसऱ्या श्रावण सोमवारच्या आसपास असलं काही ठेवू नका रे बाबांनो, ब्रह्मगिरीच्या फेरीची गर्दी असते, त्र्यंबक रोडला लागलात तर निम्मा दिवस रस्त्यात जातो.

आता तुम्ही सांगा, कुणी गेलंय का असं कुठे?

तात्या_सिन्नरकर

वाचलं. ती तार डोळ्यापुढे आली, आमच्या घरी अजून आहे, १९८० पासूनची बिलं आहेत त्यात.

पण मूळ मुद्द्याला माझा विरोध कायम. ताई, तुम्ही ज्या कथेबद्दल बोलताय ती कारखान्यातली आहे आणि ती तुम्हाला कारखान्याने दिली, शेतघराने नाही. आपल्या विहितगावचे बाबूराव बागूल बघा, त्यांचा पहिला कथासंग्रह १९६३ चा, तेव्हा माणूस पोटासाठी मिळेल ती कामं करत होता. कुठलं रिट्रीट आणि कुठलं बॅकवॉटर. आणि बसायला जागाच पाहिजे तर आपलं सावाना आहे, १८४० चं वाचनालय आहे ते, तिथे बसा की वही घेऊन. बेचाळीसशे रुपये वाचतात त्याची पुस्तकं घ्या.

दुसरं म्हणजे हे "आधी काय आवडलं ते सांगा" प्रकरण मला फार गुळमट वाटतं. वाईटाला वाईट म्हणायला काय हरकत आहे?

अर्धवट_कवी

"नऊच्या नऊ माणसं अडलेलीच होती" याला +१००. आयडीवरून ओळखलंच असेल.

नवखी_वाचक

ताई छान लिहिलंय. पण मग इगतपुरीला विपश्यनेला का नाही जायचं? दहा दिवस, शांतता, मोबाईल काढून घेतात, जेवणखाण सगळं तेच बघतात आणि फी पण नाही. तिथे तर कितीतरी लिहून होईल ना?

निमाणी_ते_सीबीएस

@नवखी_वाचक, अहो तिथे वही-पेन पण जमा करतात :)

दहा दिवस वाचायचं नाही, लिहायचं नाही, बोलायचं तर नाहीच. मी केलंय. पाचव्या दिवशी मला एक अख्खी कादंबरी सुचली, सुरुवात मध्य शेवट सगळं, आणि अकराव्या दिवशी घोटीच्या टोलनाक्याला पोचेपर्यंत ती गेली. आजतागायत आली नाही. तिथे ज्या कामासाठी जायचं त्या कामासाठीच जावं माणसाने.

बोस्टनची_माळीण

इथल्या एका जागेबद्दल सांगते, कारण मूळ लेखातला "स्वागताचा" भाग वाचून तेच आठवलं. आमच्या शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यात पीटरबरो म्हणून गाव आहे, तिथे मॅकडॉवेल म्हणून १९०७ पासून लेखक-संगीतकार-चित्रकारांना राहायला बोलावतात. एडवर्ड मॅकडॉवेल हे संगीतकार, त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, मेरियनने, सुरू केलं. ते १९०८ मध्ये गेले आणि पुढचं सगळं तिने उभं केलं, गावोगाव पियानोचे कार्यक्रम करून पैसे जमवले. निवड झाली की राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाहीत. जंगलात सुट्या सुट्या खोल्या. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दुपारचं जेवण टोपलीत घालून खोलीच्या दाराशी ठेवून जायची तिथली पद्धत. दार वाजवायचं नाही.

मी लेखिका वगैरे नाही, बागकाम करते, पण दोन मुलं लहान असताना कुणी माझ्या दाराशी अशी टोपली ठेवून न बोलता गेलं असतं तर मी काय काय केलं असतं याचा विचार करत त्या दिवशी रडले होते. असो. अवांतर झालं.

गोदाकाठची

@बोस्टनची_माळीण, अवांतर कुठलं, हेच तर! मी वर लिहायला विसरले. मला तिथे सगळ्यात जास्त काय मिळालं तर पहिल्या दिवशी सकाळी कुणी विचारलं नाही की डाळ कुठली लावू. चार दिवस "भाजी काय करायची" हा विचार डोक्यात नव्हता. तो किती जागा खातो ते तो गेल्यावर कळतं, फ्रिज बंद पडला की कळतं ना तो इतके दिवस घुंई घुंई करत होता, तसं.

@तात्या, सावानाला मी जातेच की. पण तिथे बसले तरी सहा वाजता उठावं लागतं, कुकर माझी वाट बघत असतो.

यॉर्कशायरी_नाशिककर

मी इथे इंग्लंडमध्ये आर्व्हन म्हणून संस्था आहे त्यांच्या शिबिराला गेलो होतो. १९६८ मध्ये दोन कवींनी सुरू केलेली. जुन्या घरांमध्ये होतं, त्यातलं यॉर्कशायरचं घर कधीकाळी टेड ह्यूजच्या मालकीचं होतं. सोमवार ते शनिवार. आणि तिथे बरोबर उलटं आहे बरं का, संध्याकाळचा स्वयंपाक शिबिरार्थींनीच करायचा, आळीपाळीने, गट पाडून. मला आयुष्यात कांदा चिरता येत नव्हता. माझ्या गटात एक निवृत्त नर्स होती आणि एक एकोणीस वर्षांचा मुलगा. बटाटे सोलता सोलता त्या मुलाने मला त्याच्या कवितेतली अडचण सांगितली, ती तो वर्गात सगळ्यांसमोर कधीच बोलला नसता. त्यामुळे मला वाटतं एकत्र स्वयंपाक हे लेखन शिबिराचं सगळ्यात हुशार अंग आहे.

चकलीचा_सोऱ्या

@यॉर्कशायरी_नाशिककर, तुम्हाला पहिल्यांदा कांदा चिरला म्हणून मजा वाटली. आम्ही रोज चिरतो. बाईने चार दिवस सुटी काढून, घरच्यांची बोलणी ऐकून, चार दिवसांच्या भाज्या निवडून फ्रिजात ठेवून जायचं आणि तिथे जाऊन परत पोळ्याच लाटायच्या? मग घरच काय वाईट.

आणि आपल्याकडे "आळीपाळीने" म्हणजे काय होतं माहिते, पुरुष एकदा चहा करतात आणि त्याचे फोटो निघतात.

यॉर्कशायरी_नाशिककर

मान्य. खरंच या बाजूने विचार केला नव्हता.

बागलाणची

अगं गोदाकाठची!! तूच का ती? मी सटाण्याची, तुझ्या शेजारच्या खाटेवर होते, आयडीवरून ओळखलं नाही, तारेवरून ओळखलं.

आता मी सांगते हिने काय काय लपवलंय. पहिल्या दिवशी ही बया ओसरीवर पिशवी मांडीवर घेऊन तासभर बसली होती, पिशवी उघडलीच नाही, आणि मला हळूच विचारलं की गिरणाऱ्याहून शेवटची बस किती वाजता असते. मी म्हटलं मला नाही माहीत, मला पण हवीय. मग दोघी हसलो आणि राहिलो.

स्वयंपाकाचं सांगते. भाकऱ्या, भाजी गावातल्या मावशी करायच्या, त्यांना त्याचे पैसे होते. तिसऱ्या दिवशी चार पुरुषांनी मिसळ करायची ठरवली. नाशिकचे चार पुरुष आणि एक मिसळ म्हणजे काय, रस्सा काळा का लाल यावर पाऊण तास वाद, तोवर मटकी जास्त शिजून पिठलं झालं. खाल्ली मुकाट. फोटो काढले त्यांनी, @चकलीचा_सोऱ्या बरोबर बोलल्या.

@तात्या, ते गुळमट म्हणालात ना, त्याबद्दल. मी अहिराणीत लिहिते, म्हणजे निवेदन मराठीत आणि माणसं अहिराणीत बोलतात. माझी सवय अशी की प्रत्येक अहिराणी वाक्यापुढे कंस टाकून मराठी अर्थ द्यायचा. कारण दोन ठिकाणांहून कथा परत आली होती, भाषा समजत नाही म्हणून. तर माझ्या गोष्टीत एक सासू सुनेला विचारते, "आठे तुनं काय शे?" मी ते वाचलं आणि सवयीने कंसातलं पण वाचलं. वाचून झाल्यावर काय लक्षात राहिलं विचारलं तर पाच जणांनी तेच वाक्य सांगितलं, अहिराणीत, त्यातल्या तिघांनी आयुष्यात अहिराणी ऐकलेली नाही. मग एक जण म्हणाले, "कंसात तुम्ही कुणाशी बोलताय?" मला इतका राग आला. रात्री झोप नाही. बॅटरीच्या उजेडात (लाईट गेलीच होती) सगळे कंस खोडत बसले, एकोणतीस कंस होते. गोड बोलून मला कुणी इतकं लागेल असं आजवर बोललेलं नाही तात्या. त्या मार्गदर्शकासारखं कागद पालथा टाकला असता तर मी घरी येऊन अजून दहा कंस घातले असते.

गोदाकाठची

बागलाणचीऽऽ! बसचं सांगायचं नव्हतं गं.

हिशेबी_माणूस

सगळं भावनिक चाललंय म्हणून थोडा रुक्ष प्रश्न. नऊ गुणिले बेचाळीसशे म्हणजे सदतीस हजार आठशे. चार दिवसांचं राहणं, जेवण, मावशींचे पैसे जाता आयोजकाला काय उरतं? न उरल्यास हे टिकणार कसं? आणि उरत असल्यास तो धंदा आहे हे मान्य करा.

गोदाकाठची

@हिशेबी_माणूस, माईंनी शेवटच्या दिवशी हिशेबाची वही सगळ्यांसमोर ठेवली होती, अकराशे रुपये उरले होते त्याचे पुढच्या वेळेसाठी मच्छरदाण्या आणणार म्हणाल्या. टिकेल का माहीत नाही. माईंचे गुडघे टिकतील तोवर टिकेल.

मी_निफाडकर

नमस्कार. मी इथे तीन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, चुका असतील तर सांभाळून घ्या.

मी द्राक्षवाला माणूस. बारा वर्षांपासून रोज रात्री वहीत लिहितो, आधी नुसतं फवारणी काय मारली पाऊस किती झाला एवढंच लिहायचो मग हळूहळू त्यात माणसं यायला लागली, कामाला येणारी पेठ-सुरगाण्याकडची टोळी, त्यांची पोरं बागेत झोळीत झोपलेली, एका गारपिटीच्या रात्री वडील बाहेर जाऊन उभे राहिले आणि आईने त्यांना आत बोलावलंच नाही, उभं राहू दिलं, असलं काय काय. सहा वह्या झाल्या. ते साहित्य आहे का नाही मला माहीत नाही आणि विचारायला लाज वाटते, कारण मागे संमेलन झालं ना नाशकात, २०२१ ला, आडगावला, नारळीकर सर अध्यक्ष होते ते, तिथे मी गेलो होतो वही पिशवीत घालून. तीन दिवस फिरलो, पुस्तकं घेतली, भाषणं ऐकली, आणि वही पिशवीतून काढलीच नाही. एवढ्या गर्दीत काढणार कुणापुढे.

तात्यांचं म्हणणं पटतं की लिखाण कामातूनच येतं. माझं तर येतंच बागेतून. पण तात्या, काम लिहायला देतं ते ऐकायला कोण देतं? मला सहा वह्या ऐकणारं कुणी नाही. बायको म्हणते वाचा, पण ती दमलेली असते आणि तिसऱ्या ओळीला झोपते, तिचा दोष नाही.

आणि वेळेचं म्हणाल तर ऑगस्ट माझ्यासाठी एकदम बरोबर. ऑक्टोबरला छाटणी झाली की मग डिपिंग, विरळणी, फवारण्या, थंडीत भुरी रोगाची भीती, ते थेट मार्चला माल जाईपर्यंत मान वर काढायला नाही. तर परत होणार असेल तर मला कळवा. शुद्धलेखन बघतात का तिथे?

गोदाकाठची

@मी_निफाडकर दादा, कुणीही बघत नाही, तुम्ही मोठ्याने वाचायचं असतं, ऱ्हस्व दीर्घ ऐकू येत नाही :) आणि ते वडिलांना उभं राहू दिलं वाक्य मी आत्ता तीनदा वाचलं.

बागलाणची

मी पण. ते पहिलं वाचा दादा.

पुस्तकी_किडा

तात्या, एकट्याने लिहिण्याच्या मुद्द्यावर थोडं. शिरवाडकरांचं उदाहरण नाशिककर नेहमी देतात. पण 'विशाखा' १९४२ ला आला तो कसा आला? खांडेकरांनी कोल्हापुरात स्वतःच्या पदरचे पैसे घालून काढला. खांडेकर तेव्हा केवढे मोठे होते आणि हे तिशीतले कवी. पुढे १९५० मध्ये शिरवाडकरांनी स्वतः इथे लोकहितवादी मंडळ काढलं, माणसं जमवली, नाटकं बसवली. लिहिताना खोलीत एकटा असेल माणूस, पण खोलीबाहेर कुणीतरी दिवा धरून उभं असतंच. आता त्याला रिट्रीट म्हणा नाहीतर मंडळ म्हणा.

दिलीप चित्रेसुद्धा सत्तरच्या दशकात अमेरिकेत आयोवाच्या लेखक कार्यक्रमाला राहून आले. म्हणजे मराठी लेखकाला हे प्रकरण अगदीच परकं नाही.

तात्या_सिन्नरकर

खांडेकरांचं माहीत होतं, या अंगाने बघितलं नव्हतं. ठीक.

तरी मी माझं सांगतो, मग कदाचित कळेल मी खोडा का घालतोय. मीपण एकेकाळी लिहायचो. १९९० च्या आसपास आमच्या चार मित्रांचा कट्टा होता, दर शनिवारी एकमेकांना वाचून दाखवायचो, आणि आम्ही चौघंही एकमेकांना "वा" म्हणायचो. चार वर्षं वा वा केलं. एकाचीही कथा कुठे छापून आली नाही आणि का येत नाही ते आम्हाला एकमेकांनी कधी सांगितलं नाही, मैत्री मोडेल म्हणून. त्यातला एक गेला, त्याच्या कथा अजून माझ्या कपाटात आहेत. परवा काढून वाचल्या. एक बरी आहे. शेवट चुकलाय, आणि तो चुकलाय हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून स्वागत, मायेचं वातावरण वगैरे म्हटलं की मी सावध होतो. माया आम्ही भरपूर केली होती.

बागलाणची

तात्या, याला उत्तर नाही माझ्याकडे. फक्त एवढंच, तुम्ही चौघं मित्र होता. आम्ही नऊ जण अनोळखी होतो आणि रविवारी आपापल्या घरी जाणार होतो. कंसाचं मला ज्यांनी विचारलं त्यांचं आडनाव मला अजून माहीत नाही. मैत्री मोडायची भीतीच नव्हती.

अर्धवट_कवी

हे भारी आहे. म्हणजे पाहुणचार घरच्यासारखा पण माणसं परकी, असं पाहिजे. मी गेलो होतो त्या एका ठिकाणी नेमकं उलटं होतं, सगळे एकमेकांचे जुने दोस्त, आणि नवीन माणसाला चहाचा कप कुठे ठेवलाय तेपण कुणी सांगेना. दोन दिवस मी कप शोधण्यात घालवले.

गोदाकाठची

एक खबर द्यायची राहिली. ती कथा पूर्ण केली, अकरा पानं झाली, आणि एका दिवाळी अंकाकडे पाठवली होती. दिवाळी अंकांना तशी उशिराच पाठवली, त्यांचं काम पावसाळ्यातच उरकत आलेलं असतं, तरी पाठवली. आज आलं उत्तर. साभार परत.

गंमत म्हणजे मी मेल वाचला, डबा खाल्ला, दुपारी बेअरिंगचा लॉट आला त्याची जीआरएन केली आणि चार वाजता लक्षात आलं की आपल्याला रडू आलेलं नाही. पोस्टमन काकांना फोन केला. ते म्हणाले माझा नायक जिन्यावरून खाली उतरला एकदाचा. मी म्हटलं वर का नाही नेला, तर म्हणे वर गच्चीवर पाणी साचलंय.

हिशेबी_माणूस

दुसऱ्या अंकाकडे पाठवा. पोस्टेज नाही, मेलच तर करायचाय, खर्च शून्य.

तात्या_सिन्नरकर

माईंचे गुडघे आणि मच्छरदाण्या याबद्दल वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यात आहे. माझं सिन्नरला गोंदेश्वराच्या अलीकडे जुनं घर आहे, मुलं पुण्याला, मी एकटा. वरच्या मजल्यावर चार खाटा टाकता येतील, खाली दोन. बाथरूम दोन आहेत, हे गोदाकाठच्या ताईंनी लक्षात घ्यावं. पहिल्यांदा फार नको, शनिवार-रविवार करून बघू, दिवाळीनंतर. निफाडकरांना जमणार नाही हे माहीत आहे, त्यांच्यासाठी ऑगस्टला परत करू. पैसे नकोत, डब्याची बाई आहे तिचे तेवढे वाटून द्या. मी कौतुक करणार नाही, आधीच सांगतो. शेवट चुकला असेल तर चुकला म्हणेन, विचारलंत तर.

मित्राची ती कथा मी वाचून दाखवीन. त्याला आता विचारता येणार नाही, पण शेवटाचं काय करायचं ते बघू.

बागलाणची

तात्या, एक खाट माझी. आणि माझ्याकडून कुरडया.

मी_निफाडकर

मला शनिवार संध्याकाळ जमेल कदाचित. फवारणी सकाळी उरकून येतो. निफाड ते सिन्नर काही लांब नाही. एक वही आणतो, सहा नाही.

दीडपान

इथे नवीन आहे. वय २३, घोटीजवळ राहते. माझ्याकडे फक्त दीड पान आहे, तेपण मोबाईलमध्ये. एवढ्यावर येता येईल का?

तात्या_सिन्नरकर

येईल. कुठे अडलंय?

दीडपान

आजोबांनी बाजारात गाय विकलीये आणि ते पायी घरी निघालेत. दावं हातात आहे. घर दिसायला लागलंय, आजी दारात उभी आहे, आणि त्यांना पुढे चालवायला माझा जीव होत नाहीये.